धर्माच्या रकान्यात निरंक

कोल्हापुरात देव न मानणाऱ्याची पहिली पंचाईत देवळात होत नाही, रस्त्यात होते. कुणालाही पत्ता विचारा. उभा मारुती, बिनखांबी गणेश, खोलखंडोबा असं देव-देव करतच तो तुम्हाला मुक्कामाला पोचवतो. १९९५ च्या जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशासाठी मी तात्यांबरोबर गारगोटीच्या एस.टी.तून या शहरात उतरलो, तेव्हा रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं सोडू?" तात्या म्हणाले, "देऊळ सोडून कुठंही." त्यानं आम्हाला तिथंच सोडलं.

तात्या म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. घरात देव्हाऱ्याच्या जागी पुस्तकांची फळी. तिच्यावर फुले, आगरकर आणि कर्वे (र. धों., वडील नव्हेत). आमच्याकडं नारळ फुटायचा तो फक्त आमटीसाठी, आणि लिंबू-मिरची असायची ती ताटात. तात्यांना एकच शल्य होतं. त्यांच्या स्वतःच्या नावात मारुती होता आणि आजोबांच्या नावात दत्त, त्यामुळं कुठंही 'संपूर्ण नाव' लिहायची वेळ आली की दोन देव आपोआप हजेरी लावून जायचे. माझ्या जन्माच्या वेळी तरी त्यांनी सगळी काळजी घेतली. शाळेत नाव घालताना जनरल रजिस्टरात धर्माच्या रकान्यात कचेरीतला खास शब्द लिहून घेतला : निरंक. हेडमास्तर मित्रच होते, त्यांनी डोळे मिटून सही केली.

या सगळ्याला अपवाद एकटी आज्जी. तिचा जोतिबा तांदळाच्या डब्यात राहायचा. तात्यांना ते माहीत होतं, पण भात रोज लागत असल्यामुळं त्या डब्याबाबत त्यांनी कधी चळवळ केली नाही.

आता, गारगोटीतच शिकायला काय हरकत होती? काहीच नव्हती. डॉ. जे. पी. नाईकांसारख्या माणसानं उभं केलेलं मौनी विद्यापीठ दाराशी होतं. आईचं म्हणणं तेच होतं. पण ते नाव पाटगावच्या मौनी महाराजांचं. "जो महाराज तोंडच उघडत नव्हता त्याचा तुला काय त्रास?" आईनं विचारलं. मी म्हणालो, "प्रश्न तत्त्वाचा आहे." शिवाय शाहू महाराजांनी १९२० साली क्षात्रजगद्गुरू नेमले ते याच पाटगावच्या मठाच्या गादीवर, म्हणजे मौन पाळूनही महाराज धर्मकारणातून सुटले नव्हते. हे मी आईला सुनावलं. ती भाकरी थापत होती. तिनं तवा काढून ठेवला आणि म्हणाली, "मग कोल्हापुरातच जा. तिथं कोण तुझ्यासाठी नास्तिक मेस काढतंय बघू."

कोल्हापुरातल्या कॉलेजांची मी एका वहीत छाननी सुरू केली. नियम साधा : नावात देव, संत, स्वामी, बुवा यांपैकी कोणी नको.

विवेकानंद कॉलेजात टक्के बसत होते. पण बापूजी साळुंख्यांनी संस्थेलाच स्वामींचं नाव दिलेलं, आणि ब्रीदवाक्यात ज्ञान-विज्ञानाच्या शेजारी सुसंस्कार बसवलेले. विज्ञान आहे म्हणून मी अर्धा गुण दिला, सुसंस्कार आहेत म्हणून तो काढून घेतला. महावीर कॉलेज तर साक्षात तीर्थंकरांचं. मी फुली मारणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "थांब. जैन दर्शन जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाही." मी गोंधळलो आणि फुलीचं प्रश्नचिन्ह केलं. गोखले कॉलेज नेमस्त माणसाचं म्हणून आशा होती, पण त्यांच्या नावातच गोपाळ आणि कृष्ण असे दोघेही निघाले. शहाजी हे नाव शिवरायांच्या वडिलांचंही, म्हणून शहाजी कॉलेज चालेल म्हणता म्हणता आठवलं, की मालोजीराजांनी शहाशरीफ पिराला नवस बोलला होता आणि त्यावरून हे नाव ठेवलं अशी आख्यायिका इतिहासाच्या गुरुजींनीच आम्हाला रंगवून सांगितलेली. नवसाचं नाव! फुली. कमला कॉलेज म्हणजे सरळच लक्ष्मी, पण ते मुलींचं असल्यामुळं तिथं माझ्या तत्त्वांची कसोटी लागली नाही. लागली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

राहता राहिलं राजाराम. राजा मी चालवून घेतला असता, राम जड जात होता. त्यातून १८८० सालचं हे कॉलेज शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आर्य समाजाकडं चालवायला दिलेलं. आर्य समाज मूर्ती मानत नाही, पण वेद मानतो. पुन्हा प्रश्नचिन्ह. "अरे, कॉम्रेड पानसरे राजाराममध्येच शिकले," तात्या वैतागून म्हणाले, "त्यांना लागला का कुठं राम?"

मग एक दिवस मला न्यू कॉलेजचा शोध लागला. देव नाही, संत नाही, राजा नाही, नुसतं नवं. एवढं निर्मळ नाव ठेवणाऱ्याला साष्टांग नमस्कार घालावा असं वाटलं. चौकशी केली तर चालवणारी संस्था श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस. 'श्री'पासून सुरुवात.

बोर्डिंगांचा इतिहास तात्यांनी मला दसरा चौकात, शाहू महाराजांच्या पुतळ्यासमोर उभं करून सांगितला. शिकवायचा विषय निघाला की ते बसायचे नाहीत. महाराजांनी आधी सगळ्या जातींना मिळून एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. पण तिथं ब्राह्मणांचीच पोरं राहिली, बाकीच्यांची टिकली नाहीत. मग त्यांनी ज्याचं त्याला स्वतंत्र घर द्यायचं ठरवलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच साली जैनांचं, १९०६ मध्ये मुसलमानांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. लिंगायत, सारस्वत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, ख्रिश्चन, ज्याला म्हणून जात-धर्म होता त्याला या गावात पाठ टेकायला खाट मिळाली. खेड्यातलं पोर शहरात शिकलं ते या खाटांवर झोपून. एवढं सगळं ऐकल्यावर मी विचारलं, "आणि ज्याला कुठलाच धर्म नाही त्याचं बोर्डिंग कुठं आहे?" तात्यांनी पुतळ्याकडं पाहिलं. महाराज एवढे द्रष्टे, पण माझी केस काही त्यांच्या डोळ्यांसमोर आलेली दिसत नव्हती.

तिथंच तात्यांनी मला भाऊराव पाटलांची गोष्टही सांगितली, आणि ती सांगायला नको होती. विद्यार्थी असताना कर्मवीर जैन बोर्डिंगात राहायचे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले म्हणून परत आल्यावर त्यांना शुद्धीची आंघोळ करायला सांगितली गेली. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मला माझा मार्ग सापडला होता. माझी महत्त्वाकांक्षा आता चांगल्या बोर्डिंगात शिरायची उरली नाही. चांगल्या बोर्डिंगातून बाणेदारपणे हाकललं जायची झाली. त्यासाठी आधी आत शिरावं लागतं, एवढीच काय ती गैरसोय.

शेवटी ज्या कॉलेजच्या खिडकीवर रांग सगळ्यात लहान होती तिथं आम्ही अर्ज घेतला. नाव सांगत नाही. त्या कॉलेजचा पुढच्या प्रकारात काही दोष नाही. खिडकीत जो कारकून होता त्याच्या एका कानावर पेन्सिल आणि दुसऱ्या कानावर विझलेली विडी होती, आणि लिहायची वेळ आली की तो आधी विडीला हात घालायचा. त्यानं माझा दाखला उलटासुलटा करून पाहिला.

"धर्म कुठला रं?"

"नाही."

"न्हाई म्हंजे?"

"आम्ही धर्म मानत नाही."

"मानू नगंस की. पर लिवायला काय जातंय?"

मी छाती पुढं काढली. रांगेतले चार-दोन जण वाकून बघायला लागले होते आणि माझ्या मनात कर्मवीर उभे होते. "लिहिणार नाही," मी म्हणालो.

कारकून शांत माणूस होता. "बरं, असू दे. मेल्यावर जाळता का पुरता, तेवढं सांग. त्यावरनं मी लिवतो."

तात्या मागून म्हणाले, "आम्ही देहदान करणार आहोत. मिरजेच्या मेडिकल कॉलेजला."

"मंग कायमचा पत्ता मिरजेचा टाकू का?"

रांग हसली. तात्या हसले नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटायला हवा होता, पण मागच्या मुलीही हसत होत्या, त्यामुळं वाटला नाही. कारकुनानं दाखला पुन्हा डोळ्यांजवळ नेला, आणि त्यातून गुलाबी भुकटी सांडली. आज्जीनं निघताना कागदांच्या प्लास्टिकच्या पिशवीत जोतिबाच्या गुलालाची चिमूट सोडली होती. ती दाखल्यावर नेमकी धर्माच्या रकान्यात बसली होती. कारकुनानं फुंकर मारली. 'निरंक' एवढी अक्षरं वाचता आली आणि त्यापुढं गुलाल होता.

"आरं, निरंकारी हायसा व्हय! मग येवढा येळ बोलायचं न्हाई? माझा मेव्हणा निरंकारीच हाय, मुंबैला. धन निरंकार!" त्यानं काचेपलीकडून हात जोडले. "आनि वर जोतिबाचा गुलाल. असंच पायजे. सगळ्यास्नी मानायला पायजे."

तात्या पुढं सरसावले. मी त्यांचा हात दाबला. तत्त्वाचा प्रश्न होता हे मला ठाऊक होतं, पण बाहेर पाऊस सुरू झाला होता, कॅश काउंटर एक वाजता बंद व्हायचं, आणि कारकुनानं शिक्का आधीच शाईत बुडवला होता. "धन निरंकार," मी म्हणालो. तात्यांनी माझ्याकडं जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. पावती मात्र मिळाली.

याच शिफारशीवर हॉस्टेलही मिळालं. रेक्टर सर जुन्या वळणाचे, गळ्यात माळ. अर्ज वाचून म्हणाले, "हल्लीच्या पोरांना निराकार कळत नाही. तुझ्या घरचे संस्कार चांगले दिसतात." मी मान खाली घातली. ती नम्रता समजली गेली. कोपऱ्यातली, खिडकीजवळची खाट मला मिळाली.

तेव्हा मुंबई उच्च न्यायालय आमच्या मदतीला नव्हतं. सरकारी फॉर्मवर कुणालाही धर्म लिहायची सक्ती करता येत नाही आणि 'मला धर्म नाही' असं म्हणायचा प्रत्येकाला अधिकार आहे, हा निकाल लागला सप्टेंबर २०१४ मध्ये, डॉ. रणजित मोहिते आणि आणखी दोघांच्या याचिकेवर. गंमत अशी की याचिकाकर्ते येशू ख्रिस्ताला मानणारे होते, फक्त कुठल्याही धर्मात नव्हते. निधर्मी माणसाचा हक्क श्रद्धावंतांनी मिळवून दिला, आणि आम्ही पक्के नास्तिक तिकडं पावती फाडून घेत होतो. २०११ च्या जनगणनेत सबंध देशात नास्तिक म्हणून नोंद झालेली माणसं तेहेतीस हजारांच्या आसपास, त्यातली साडेनऊ हजारांवर महाराष्ट्रातली. एवढी कमी कशी, असा प्रश्न अभ्यासकांना पडतो. मला पडत नाही. खिडकीपलीकडच्या माणसाच्या हातात शिक्का असतो.

हॉस्टेलात पोचल्यावर मी हाकललं जायच्या तयारीला लागलो. पहिल्याच आठवड्यात जेवणाआधीच्या श्लोकाला मी तोंड बंद ठेवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण निम्मी पोरं आमटीकडं बघत तोंड बंदच ठेवायची. मग मी खोलीतल्या दोस्तांना सांगून टाकलं, की मी निरंकारी-बिरंकारी काही नाही, मी नास्तिक आहे. मला वाटलं स्फोट होईल. कागलकडचा एक पैलवान खाटेवर लंगोट वाळत घालत होता, तो म्हणाला, "चालतंय की." दुसरा म्हणाला, "मग सोमवारचा उपास नसंल तुझा. तुझ्या वाटणीची भाकरी मी घेत नाही आता." तिसऱ्यानं विचारलं, नास्तिकाला मटण चालतं का. चालतं म्हटल्यावर नास्तिक्याबद्दल त्याचं मत एकदम चांगलं झालं. आषाढातल्या पुढच्याच रविवारी त्यानं मला घरी नेऊन तांबडा-पांढरा वाढला, आणि मी बाणेदारपणे दोन वाट्या जास्त प्यालो.

गणपती आले तेव्हा संधी चालून आली. वर्गणीला मी नकार द्यायचा, मग रेक्टर बोलावणार, मग खडाजंगी, मग हकालपट्टी, मग कदाचित 'पुढारी'त चार ओळी. भाषण मी पाठ केलं होतं. मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "माझा देवावर विश्वास नाही." सगळे गप्प झाले. मग पैलवान म्हणाला, "सर, ह्यालाच खजिनदार करा. गेल्या वर्षीचा भक्त व्हता, त्यानं देवाच्याच पैशातनं पिक्चर बघिटले. ह्यो देवाला मानत न्हाई म्हंजे देवाच्या पैशाला हात लावणार न्हाई." या युक्तिवादात कुठंतरी मोठी गफलत आहे, पण ती मला आजवर सापडलेली नाही. टाळ्या पडल्या. मी खजिनदार झालो, आणि कर्तव्य म्हणून दहा दिवस आरतीच्या ताटातली चिल्लरही मोजली.

इथं जरा थांबून एक सांगायला हवं. २०१५ च्या फेब्रुवारीत, याच कोल्हापुरात, सकाळी फिरून येणाऱ्या पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्या दिवशी मला माझं पाठ केलेलं भाषण आठवलं आणि लाज वाटली. हाकललं जायची हौस, ज्याला कुणी हाकलत नाही त्यालाच परवडते. माझ्या वाट्याला आलं ते कोल्हापूर लंगोट वाळत घालणाऱ्या पैलवानाचं होतं. सगळ्यांच्या वाट्याला तेच येतं असं नाही.

असो. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. सकाळी मेसचा आचारी ओरडत आला, "गणपती दूध पितोय!" दिल्लीत पितोय, मुंबईत पितोय, आता कोल्हापुरातही प्यायला लागलाय. हे दुधाचं गाव. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पेल्यात मिळतं. पण त्या दिवशी तिथंही देवासाठी तांबे घेऊन रांग लागलेली म्हणे. आमच्या हॉस्टेलच्या आवारात पिंपळाखाली एक लहानसा दगडी गणपती होता. दुपारपर्यंत तिथं अर्धं कॉलेज जमलं.

माझा क्षण आला होता. मी गर्दी सारत पुढं गेलो आणि पृष्ठीय ताणावर व्याख्यान दिलं. तो धडा आम्हाला अजून शिकवला नव्हता, पण तात्यांच्या कृपेनं मला येत होता. चमच्यातलं दूध काठावर फुगलेलं असतं. ओल्या दगडाला टेकलं की थेंब ओढला जातो, आणि मग पातळ थर होऊन सोंडेवरून खाली ओघळतो. आधीच दूध सांडलेल्या मूर्तीवर तो दिसत नाही. अगदी बरोबर सांगितलं मी. त्याच दिवशी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हेच दाखवलं. मी फक्त एक वाक्य जास्त बोललो. म्हणालो, "मी चमचा सरळ धरतो. एक थेंबसुद्धा जाणार नाही."

चमचा आणला गेला. काठोकाठ भरला. मी धरला. आता, तीनशे पोरं श्वास रोखून बघत असताना, त्यात अकरावी 'ब'च्या मुली पुढच्या रांगेत असताना, हात सरळ राहत नाही. चमचा जरासा थरथरला, सोंडेला टेकला, आणि गणपतीनं ते दूध असं काही ओढलं की चमचा कोरडा ठणठणीत. सकाळपासून कुणाच्याच हातून एवढ्या झपाट्यानं गेलं नव्हतं. क्षणभर शांतता. मग आचाऱ्यानं गजर केला, "गणपती बाप्पा मोरया!" मी ओरडत होतो, "पाया बघा, पायाशी बघा, सगळं खाली सांडलंय!" पण पायाशी बघायला खाली वाकलेल्या प्रत्येकाचा तो नमस्कारच होत होता.

बातमी माझ्या आधी गावाला पोचली. गारगोटीच्या एस.टी.च्या कंडक्टरनं ती नेली, आणि वाटेत तिच्यात दोन चमचे वाढले. आज्जीनं तांदळाचा डबा उघडून जोतिबाला बाहेर काढलं आणि फळीवर, बरोब्बर आगरकरांच्या शेजारी बसवलं. तात्यांचं कार्ड आलं, त्यात खुशाली नव्हती. एकच ओळ होती : "चमचा किती अंशात धरला होतास ते कळव."

मी रेक्टर सरांकडं गेलो. सगळं सांगून टाकलं : निरंक काय, गुलाल काय, धन निरंकार काय. म्हणालो, "सर, मी फसवून आत आलो. मला काढून टाका." सरांनी चष्मा पुसला.

"देव न मानणाऱ्याच्या हातचं दूध देव सगळ्यात आधी पितो," ते म्हणाले, "आणि मी त्याला बाहेर काढू? गाव काय म्हणेल मला? आणि हिशेबही तुझाच जुळलाय, पहिल्यांदाच. पुढच्या वर्षी अध्यक्ष तू."

मी बाणेदारपणे नकार देणार होतो. पण अध्यक्षाला वरच्या मजल्यावरची स्वतंत्र खोली मिळायची, आणि सबंध हॉस्टेलात पंखा तेवढा त्याच खोलीत होता.